डॉक्टरने डबा रिकामा परत केला नाही

बंदुकीची नळी मधेच फाटली आणि मक्याच्या कणसाची पानं सोलावीत तशी बाहेर वळली. माझ्या मुलीचा डावा हात त्या नळीखाली होता.

ती पडली नाही. ओल्या गवतात खाली बसली, जेवायला बसावं तशी मांडी घालून. बंदूक समोर पडली होती. डाव्या हातातल्या लोकरीच्या मोज्याची एक बाजू शिल्लक नव्हती आणि जी होती ती लाल झाली होती. कपाळावरूनही रक्त येत होतं. डोळ्यांवरचा जाड चष्मा तडकला होता, पण जागेवर होता. ती ओरडली नाही. हाताकडे बघत म्हणाली, "आई, माझी अंगठी कुठे पडली का बघ गं."

मी दहा पावलं मागे घडीच्या खुर्चीवर बसले होते. उठले, शाल काढली आणि तिच्या हाताभोवती आवळली. माझा जावई शेजारीच उभा होता. दोन्ही हात डोक्यावर ठेवून "ओ माय गॉड, ओ माय गॉड" एवढंच म्हणत होता. त्याचा मित्र डॉक्टर आहे, साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात नोकरी करतो, रोज रक्त बघतो. तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "नळीत चिखल गेला असेल. वहिनींनी टोक खाली टेकवलं असेल." जखमेकडे तो त्यानंतर वळला.

जावयाला मी तोंडावर अहो-जाहो करते. इथे करणार नाही. डॉक्टरलाही नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवऱ्यामागे साउथहॅम्प्टनला आले तेव्हा हा जावई जन्मलाही नव्हता. नवरा गोदीत क्रेनच्या दुरुस्तीवर होता आणि मी चोवीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिले. तिथे पहिल्या दिवशी एक नियम सांगितला. मशीन अडलं की लाल बटण दाबायचं, पट्टा थांबवायचा आणि का अडलं ते बघायचं. हाताने ढकलून पुढे चालू करायचं नाही. एका बाईने ढकललं आणि तिचं बोट गेलं. त्यानंतर कोणी ढकललं नाही. आम्ही सगळ्या कमी शिकलेल्या बायका होतो, पण आम्हाला ते एकदा सांगून कळलं.

नवरा गेल्यावर मुलीने मला मेडनहेडला आणलं. ती हॉस्पिटलात सोनोग्राफी करते. उजव्या हाताने ते यंत्र पोटावरून फिरवायचं आणि डाव्या हाताने बटणं दाबायची. दोन्ही हात लागतात. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आधीच सांगते.

जावई पुण्याहून कंपनीच्या व्हिसावर आला. कॉम्प्युटरवर नेमकं काय करतो ते त्याने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा मला वेगळंच काहीतरी कळलं. त्याला दर दोन वर्षांनी एक वेड लागतं. आधी आंबट पाव भाजायचं लागलं, मग सायकलचं, मग बंदुकीचं. पावाचं सामान अजून गॅरेजमध्ये आहे, सायकलही तिथेच आहे. त्याला खरं तर पिस्तूल हवं होतं. अमेरिकेतली माणसं पिस्तुलाची काडतुसं घरी भरतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात, ते बघून त्याचं डोकं फिरलं होतं. इथे तसलं पिस्तूल घरात ठेवू देत नाहीत. या सरकारची मला मनापासून पटलेली तेवढी एकच गोष्ट. म्हणून त्याने पिस्तुलाची भूक शॉटगनवर भागवली. उडत्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, शनिवार-रविवार, थंडीत, आणि त्याला खेळ म्हणायचं.

पोलिसांनी घर तपासलं, चौकशी केली, सर्टिफिकेट दिलं. गॅरेजच्या भिंतीत लोखंडी कपाट ठोकलं. बंदूक आली तेव्हा त्याने ती मला सत्यनारायणाचा प्रसाद दाखवावा तशी दाखवली.

"आई, हिला सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप येतं."

"कोण आणतं?"

"तीच आणते. दारू पेटली की गॅस होतो ना, त्यातला थोडा मागे वळतो आणि आतला हा बोल्ट ढकलतो. बोल्ट मागे गेला की रिकामं काडतूस बाहेर, पुढे आला की नवीन आत. याला सायकल होणं म्हणतात."

"आणि दारू कमी पडली तर?"

"तर बोल्ट अर्धाच जातो. मग अडकतं."

"म्हणजे अर्धपोटी ठेवली तर काम करणार नाही."

"एक्झॅक्टली," तो म्हणाला. त्याला फार आनंद झाला. त्याला वाटलं मी बंदुकीची तारीफ केली.

काडतुसं दुकानात खोक्यांनी मिळतात. मी विचारलं, मग घरी कशाला भरायची? तर म्हणाला, कंट्रोल, आई. आपल्या बंदुकीला नेमकं काय मानवतं ते आपण ठरवायचं. कंट्रोलसाठी त्याने एक मशीन आणलं. एक दांडा ओढला की टरफलात दारू पेटवणारी टोपी बसते, पुढच्या ओढीला दारू पडते, मग प्लास्टिकची वाटी, मग छर्रे, मग तोंड बंद. पहिली भरली ती कमी दमाची निघाली आणि बंदूक दर दुसऱ्या बाराला अडायची. मग त्याने लॅपटॉपवर रंगीत तक्ते केले. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. पाहुणे पोहे खायला आले तरी त्यांना तक्ता बघावा लागे. एवढं कबूल करते की शेवटी त्याने जी काडतुसं भरली ती त्या बंदुकीत अडत नव्हती. टरफलं खटाखट बाहेर पडायची. तो माणूस मूर्ख आहे, पण मोजायला बसला की नीट मोजतो.

डॉक्टर मोजत नसे. तो नागपूरचा, जावयाचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि या नादाला त्याला जावयानेच लावलं. त्याची बंदूक दोन नळ्यांची, मधे मोडून उघडायची. हाताने भरायची, हाताने काढायची. आत मागेपुढे होणारं काही नाही, त्यामुळे तिला दमदार काडतूस काय आणि मेलेलं काय, सारखंच. त्याचा खांदा दुखायचा म्हणून तो अगदी हलकी भरायचा. आम्ही त्याच्याकडे जेवायला गेलो तेव्हा मी त्याचं भरणं पाहिलं. एका हाताने दांडा ओढत होता आणि दुसऱ्या हातात फोन, नागपूरच्या भावाशी पार्किंगच्या जागेवरून भांडण. "अरे, तू ऐकून तं घे आधी," की ओढला दांडा. "त्याच्या बापाची जागा आहे का बे ती," की ओढला दांडा.

मी विचारलं, "डॉक्टर, एखाद्यात दारू पडलीच नाही तर कळतं का हो?"

"काकू, मशीन करते ना सगळं. काही नाही होत."

दिवाळीत मी त्याच्याकडे चिवड्याचा मोठा स्टीलचा डबा पाठवला. झाकणावर माझ्या नवऱ्याचं नाव टोचलेलं आहे, म्हणून तो डबा मला परत लागतो. पंधरा दिवसांनी डॉक्टर डबा घेऊन आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा.

"नागपुरात डबा रिकामा परत करतात का?" मी म्हणाले. "आमच्याकडे चिमूटभर साखर तरी घालतात."

"सॉरी काकू. बायको इथे असती तर तिला सुचलं असतं. पुढल्या वेळी भरून आणतो, प्रॉमिस."

"आई, बिचाऱ्याला घाबरवू नकोस," मुलगी म्हणाली. पण तीही हसत होती.

पुढे मी त्याच डब्यातून लाडू पाठवले. डबा परत आला तो जड. मी घरी एकटी होते. डॉक्टरची गाडी बाहेर चालूच होती, त्याने दारातूनच डबा दिला. "काकू, भरून आणलाय बघा. वहिनींसाठी आहेत. खांद्याला लागणार नाहीत." आणि गेला.

उघडला तर आत काडतुसं. लाल, ओळीने लावलेली. वर एक चिठ्ठी, इंग्रजीत. मी दुकानांच्या पाट्या वाचते, औषधाच्या बाटल्या वाचते, कौन्सिलची पत्रंही वाचते. त्या डॉक्टरचं अक्षर त्याची नर्सही वाचत नसेल.

मला डबा हवा होता. मंडळाच्या कार्यक्रमाला चकल्या द्यायच्या होत्या. मी गॅरेजमध्ये गेले. तिथे जावयाने रविवारसाठी काढून ठेवलेलं खोकं होतं, अर्धं भरलेलं. तीही काडतुसं लालच. हे दोघं रिकामी टरफलं नेमबाजीच्या एकाच मैदानातून वेचायचे, त्यामुळे रंग तोच आणि माप तेच. मी डॉक्टरची काडतुसं त्या खोक्यात ओतली, उरलेले लाडू दुसऱ्या डब्यात ओतावेत तशी. चिठ्ठी रिसायकलिंगच्या पिशवीत टाकली. डबा कढत पाण्याने दोनदा घासला आणि चकल्यांच्या भाजणीला लागले. जावयाला सांगायचं राहून गेलं. चोवीस वर्षं पट्ट्यावर काढलेल्या बाईने दोन खेपांचा माल एका खोक्यात ओतला. कारखान्यात हे केलं असतं तर मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं आणि ते बरोबर झालं असतं.

रविवारी चौघं मैदानावर गेलो. डॉक्टर आपल्या गाडीने परस्पर आला. मी जाते ती घरात एकटी बसायचा कंटाळा येतो म्हणून. मुलगी जायची ती नवऱ्याच्या आग्रहाने, पण तिला नेम जमायचा. त्याच्यापेक्षा चांगला जमायचा. तो हे कोणाला सांगत नसे.

आधी जावई उभा राहिला. मुलगी कानांवर मोठी झाकणं चढवून लांब उभी होती, तिथे आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. दोन बार नीट झाले, टरफलं गवतात पडली. तिसरा फुसका झाला आणि बोल्ट अर्ध्यावर अडला. त्याने हाताने ओढला. मग एक नीट, मग पुन्हा अडला. तो फोनवरचा तक्ता बघायला लागला.

"थंडीने होत असेल," तो म्हणाला.

"अरे, ती माझी असतील," डॉक्टर म्हणाला. "सॉफ्ट आहेत. मी काकूंकडे दिली होती."

जावई माझ्याकडे वळला. "आई, तुम्ही ती कुठे ठेवली?"

"खोक्यात."

"कोणत्या?"

"या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हीच वेळ होती. खोकं बंद करून गाडीत ठेवायचं आणि घरी यायचं, एवढंच करायचं होतं.

डॉक्टर हसला. "काही नाही होत ना. हाताने ओढ फक्त."

मैदानावर देखरेख करणारी एक इंग्रज बाई होती, माझ्याच वयाची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली. तिने लांबून बघितलं आणि जवळ येऊन सांगितलं की बंदूक अडत असेल तर थांबा आणि का अडते ते बघा. जावई तिला म्हणाला, "लाइट लोड्स. इट्स फाइन." ती मान हलवत पुढच्या लोकांकडे गेली.

"थांबवा ना मग," मी म्हणाले. "कारखान्यात मशीन अडलं की आम्ही..."

"आई, हे बिस्किटाचं मशीन नाहीये."

मी गप्प बसले. तो बरोबर बोलला म्हणून नाही, थंडी वाजत होती म्हणून.

मग मुलीची पाळी आली. दोन फुसके, दोन चांगले, एक फुसका. प्रत्येक फुसक्यानंतर तिने बोल्ट हाताने ओढला, नवऱ्याने शिकवला तसा. पंधरा मिनिटांत तिला सवय झाली. आम्हा सगळ्यांनाच झाली. मग एक आवाज आला तो बाराचा नव्हताच. कुकरची शिटी व्हायच्या आधी नुसती वाफ जाते तसा होता. तबकडी न फुटता पलीकडे गेली. मुलीच्या कानांवर ती मोठी झाकणं होती, तिला फरक कळला नाही. मला कळला. मी खुर्चीतून अर्धी उठले. मग वाटलं, आणखी एक फुसकं, सकाळपासून तेच चाललंय. आणि पुन्हा बसले.

"परत तेच," जावई म्हणाला. "ओढ आणि मार."

तिने ओढलं. रिकामं बाहेर आलं, नवं आत गेलं. "पुल," ती म्हणाली, म्हणजे तबकडी सोडा.

नंतर मैदानाच्या माणसांनी समजावलं. त्या काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोराने छर्रे आणि प्लास्टिकची वाटी नळीत शिरली आणि तिथेच अडकली. मागून आलं ते जावयाचं होतं, तक्त्याप्रमाणे भरलेलं, पूर्ण दमाचं. त्याला बाहेर जायला वाट नव्हती. नुसती फुसकी असती तर नुसती अडली असती. नुसती चांगली असती तर काहीच झालं नसतं. आणि अडल्यावर कोणी एकाने जरी नळीतून आरपार बघितलं असतं, तर पलीकडचा उजेड दिसला नसता.

इंग्रज बाई पळत आली. तिने माझ्या शालीवरून पट्टा आवळला, हात वर धरायला लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या बाईने पाच मिनिटांत जे केलं ते आमच्याकडच्या दोन शिकलेल्यांनी मिळून केलं नाही.

मुलीला ऑपरेशनला नेलं. आम्ही बाहेर खुर्च्यांवर बसलो. दोघं माझ्या पलीकडे कुजबुजत होते. मी बहिरी नाही.

"मड इन द बॅरल," डॉक्टर म्हणाला. "सिंपल. कोणावरच येत नाही."

"तिच्यावर येतं," मी म्हणाले.

जावई म्हणाला, "आई, तिला कोण काय करणार आहे? माझं सर्टिफिकेट जाईल. याची तर नोकरी आहे. पोलीस घरी येतील, तेव्हा तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला इंग्लिश येत नाही असं आम्ही सांगू."

"काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"मी नाही घेत. तुमची मशीन घेईल ना सगळं."

दुसऱ्या दिवशी मुलीला बोलता यायला लागलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं होतं. मधलं राहील की नाही ते तेव्हा माहीत नव्हतं. ती छताकडे बघत होती.

"आई, मी नळी टेकवली का गं चिखलात? हा म्हणतो टेकवली. मला आठवत नाही."

"नाही टेकवलीस. मी बघत होते."

"मग कशाने झालं?"

मी सांगितलं. डबा, खोकं, मैदानावर कोण काय बोललं, मी उठून परत कशी बसले, सगळं. 

"तू ओतलीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि या दोघांना ते तिथेच कळलं होतं."

"कळलं होतं. त्यानंतर तुझी पाळी आली."

तिने तोंड भिंतीकडे केलं. म्हणाली, "ती चिठ्ठी अजून सापडते का बघ."

रिसायकलिंगची गाडी यायला दोन दिवस होते. मी घरी येऊन पिशवी स्वयंपाकघराच्या फरशीवर उपडी केली. दह्याच्या डब्याखाली चिठ्ठी सापडली. एका कोपऱ्याला दही लागलं होतं. पुसून डब्यात ठेवली, त्याच डब्यात.

बुधवारी बंदुकांच्या सर्टिफिकेटचं बघणारी पोलीस बाई आली. जावयाने तिला चांगल्या कपांतून चहा दिला. मग त्याने चिखलाची गोष्ट सांगितली. गोष्ट चांगली बसवली होती, ओलं गवत, नवशिकी बायको, जड नळी. बाईने माझ्याकडे पाहिलं.

"माय मदर-इन-लॉ डझन्ट स्पीक इंग्लिश," तो म्हणाला.

"आय डू," मी म्हणाले.

माझं इंग्रजी पट्ट्यावर शिकलेलं आहे. त्यात सुंदर काही बोलता येत नाही, पण कोणी काय कुठे ठेवलं आणि मशीन कशाने अडलं, एवढं चोख सांगता येतं. मी ओतलं, मी सांगितलं नाही, इथपासून सुरुवात केली. मग बाकीचं. मग डबा उघडून चिठ्ठी दिली. तिने ती दोनदा वाचली आणि मग मोठ्याने वाचली. डॉक्टरने लिहिलं होतं की ही काडतुसं फार हलकी आहेत, तुझ्या सेमी-ऑटोत चालणार नाहीत, वहिनींना माझ्या बंदुकीतून उडवू दे.

म्हणजे त्याला माहीत होतं. लिहून देण्याइतकं माहीत होतं. आणि मैदानावर तोच हसून म्हणाला होता, हाताने ओढ फक्त.

 बाईने लिहायला सुरुवात केली. चहा तिने घेतला नाही.

दोघांच्या बंदुका गेल्या, दोघांची मशीनं गेली. उरलेली काडतुसं तपासायला नेली. त्यांत आणखी एक निघालं, दारू नसलेलं. डॉक्टर आता आमच्याकडे येत नाही आणि मी विचारत नाही. जावई इथेच आहे. त्याला काय शिक्षा द्यायची ते माझ्या मुलीचं काम, माझं नाही. माझ्याशी ती पाच आठवडे कामापुरतं बोलली. मी तिची वेणी घालत होते तेव्हाही. तिला तो हक्क होता.

अंगठी त्या इंग्रज बाईला गवतात सापडली. चेपलेली होती. तिने स्वतः आणून दिली आणि दारातूनच परत गेली.

मधलं बोट राहिलं, पण ते वळत नाही. मुलगी अंगठा आणि एका बोटाने बटणं दाबायला शिकली. आठ महिन्यांनी कामावर गेली. चिखलाने झालं असं आता कोणी म्हणत नाही.

त्या सकाळी ती बंदूक अडताना आम्ही पाच माणसांनी पाहिली: माझी मुलगी, जावई, डॉक्टर, ती इंग्रज बाई आणि मी. पाचही जिवंत आहोत.